गाडी रात्री कुठे थांबते

चित्रदुर्ग जवळ आले की डोंगरांवर पवनचक्क्या दिसू लागतात. महामार्गालगतच्या एका हॉटेलच्या आवारात आम्ही गाडीला चार्जिंगची गन लावली आणि दोसा-कॉफी मागवली. समोर पाती फिरत होती. त्याच पात्यांची वीज आमच्या गाडीत येत होती असे म्हणता येणार नाही, कारण तारेत एकदा शिरलेली वीज कुणाची ते ओळखता येत नाही. पण कर्नाटकाच्या विजेत वारा आणि ऊन यांचा वाटा मोठा आहे. इथून पूर्वेला, तुमकूर जिल्ह्यातल्या पावगडला, 2050 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. पाऊस रुसलेल्या त्या तालुक्यात सुमारे 13,000 एकर जमीन शेतकऱ्यांकडून विकत न घेता भाडेपट्ट्याने घेतली गेली. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते. गाडी विजेवर चालवणाऱ्याने वीज कुठून येते हे पाहावे, म्हणून हे आधी सांगितले.

कोल्हापूर ते बंगळूर अंतर सहाशे किलोमीटरच्या थोडे वर. आमच्या गाडीची बॅटरी 45 युनिटची. हायवेवर ताशी शंभरच्या आसपास ठेवले तर एका युनिटला सहा-साडेसहा किलोमीटर मिळतात, म्हणजे पूर्ण भरलेल्या गाडीत पावणेतीनशेचा हिशेब धरावा. हुबळीला एक थांबा, चित्रदुर्गला दुसरा, एवढे पुरे. फास्ट चार्जरवर बॅटरी साधारण 80 टक्क्यांपर्यंत झपाट्याने भरते, पुढे गाडी स्वतःच वेग कमी करायला लावते. शेवटच्या वीस टक्क्यांसाठी रांगेतल्या माणसाला ताटकळत ठेवू नये. पुढचा टप्पा लांब असेल तरच थोडे वर जावे. चित्रदुर्ग ते बंगळूर दोनशे किलोमीटर, तेही चढाकडे जाणारे, म्हणून आम्ही 90 पर्यंत थांबलो.

मध्ये एक आडवाट केली होती. दावणगेरे जिल्ह्यात चन्नगिरी तालुक्यात होदिगेरे आहे, तिथे शहाजीराजांची समाधी. 1664 च्या जानेवारीत शिकारीला गेलेले असताना घोड्यावरून पडून त्यांचा तिथे अंत झाला. ज्या बंगळूरला आम्ही निघालो होतो ती त्यांचीच जहागीर, आणि मराठी माणसाने या रस्त्याने जाताना तिथे वळू नये हे मनाला पटत नव्हते. महामार्ग सोडून पन्नास-साठ किलोमीटर आत जायचे, पुन्हा दुसऱ्या वाटेने चित्रदुर्ग गाठायचे, आणि आत चार्जर मिळेल असे धरून चालायचे नाही. म्हणून दावणगेरेतच पुरेशी वीज भरून घेतली. सुपारीच्या बागांमधून जाणारा तो रस्ता अरुंद. वेग आपोआप पन्नास-साठवर येतो आणि हायवेपेक्षा वीजही कमी लागते. समाधीपाशी गर्दी नव्हती. आम्ही बराच वेळ बसलो.

नेलमंगलानंतर बंगळूरची वाहने सुरू होतात आणि इथे पेट्रोलच्या गाडीची सवय असलेल्याला एक नवी गोष्ट कळते. कोंडी जितकी वाढते तितकी ही गाडी काटकसरीने चालते. उभ्या गाडीत मोटर काहीच खात नाही. एसीला तासाला एखादे युनिट जाते, तेवढेच. ब्रेकच्या जागी पाय उचलला की मोटर उलटी जनित्र होऊन थोडी वीज परत देते. हायवेवर युनिटला सहा किलोमीटर देणारी गाडी शहरात साडेसात-आठ देऊ लागते. सिल्क बोर्डच्या चौकात तासभर अडकलात तरी पल्ला सात-आठ किलोमीटरनेच घटतो. वेळ जातो तो जातोच, पण बॅटरीची धास्ती घेण्याची जागा ती नव्हे. बंगळुरात राहणाऱ्यांना मी आवर्जून सांगेन की रोजच्या वापराला चार-पाचशे किलोमीटर पल्ल्याची महागडी बॅटरी घेऊ नका. ज्याचा दिवस चाळीस किलोमीटरमध्ये संपतो त्याला आठवड्यातून दोन रात्री वीज मिळाली की झाले. प्रश्न एवढाच, की त्या दोन रात्री गाडी कुठे असते.

बंगळुरात आम्ही ताईकडे उतरलो. तिचे घर जयनगरात. स्वतंत्र घर, फाटकाच्या आत एक गाडी मावेल एवढी जागा, वर आंब्याची फांदी. भाऊजींनी आम्ही येणार म्हणून पोर्चमधला पंधरा अँपिअरचा पॉइंट दाखवून ठेवला होता. गाडीसोबत येणारा छोटा चार्जर लावला, तर त्यावर लाल दिवा. दुसऱ्या पॉइंटवर लावला, तिथेही लाल. जुन्या घरांमध्ये हे हमखास होते. फ्रिज, गिझर, इस्त्री वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतात, आणि गाडी मात्र अर्थिंग नीट नसेल तर एक युनिटही घेत नाही. ते योग्यच आहे. दहा-बारा तास सलग तीन किलोवॅट ओढणारे, पावसात भिजणारे, लोखंडी अंगाचे यंत्र आपण हाताने उघडतो-बंद करतो.

सकाळी भाऊजींच्या ओळखीचा इलेक्ट्रिशियन आला. त्याने होल्डरमध्ये बल्ब अडकवून एक तार फेजला आणि दुसरी अर्थला लावली. बल्ब मिणमिणला. फेज आणि न्यूट्रलमध्ये तोच बल्ब लख्ख पेटला. एवढ्यावरून निदान झाले. कुंपणालगत खड्डा खणून पाइप, कोळसा आणि मीठ घालून नवे अर्थिंग केले, मीटरपासून पोर्चपर्यंत चार स्क्वेअरची जाड तार ओढली, साध्या सॉकेटच्या जागी कारखान्यात वापरतात तसा गोल, झाकणाचा सॉकेट बसवला, वेगळा एमसीबी आणि गळती ओळखणारा आरसीसीबी दिला. त्याने दोन गोष्टी बजावल्या: उन्हाळ्यात माती सुकली की खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचे, आणि एक्स्टेंशन बोर्डवर गाडी कधीही लावायची नाही. दुसरी गोष्ट तर घरोघरी भिंतीवर लिहून ठेवावी. स्वस्त बोर्डाच्या पितळी पट्ट्या तासाभराच्या इस्त्रीला पुरतात. रात्रभराच्या भाराने त्या तापतात, प्लास्टिक वितळते आणि दोष गाडीवर येतो.

संध्याकाळी हिरवा दिवा लागला. तासाला तीन युनिट या हिशेबाने रात्री नऊपासून सकाळी सातपर्यंत तीस युनिट, म्हणजे शहरातले दोनशेहून अधिक किलोमीटर. यापेक्षा मोठ्या चार्जरची गरज ताईकडे कुणालाच पडणार नाही.

त्या रात्री जेवताना ताईला रेव्हा आठवली. दोन दारांची ती इवलीशी गाडी 2000 नंतरच्या वर्षांत जयनगरच्या रस्त्यांवर दिसायची, मागच्या सीटवर फक्त मुले बसू शकत. चेतन मैनी यांच्या कंपनीने ती 2001 मध्ये याच शहरात बाजारात आणली. देशात इलेक्ट्रिक गाड्यांची फारशी बोलणीही नव्हती तेव्हा. सीटखाली शिसे-आम्लाच्या सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, एका चार्जमध्ये 80 किलोमीटर, आणि चार्जिंग घरच्या पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर. लंडनमध्ये हीच गाडी जी-विझ या नावाने खपली, कारण मध्य लंडनमध्ये शिरताना भरावा लागणारा कन्जेशन चार्ज तिला माफ होता. 2010 मध्ये महिंद्राने कंपनीतला 55.2 टक्के हिस्सा घेतला आणि 2013 मध्ये ई-टू-ओ ही गाडी आली. पुढे मैनी सन मोबिलिटीच्या माध्यमातून रिक्षा आणि दुचाक्यांसाठी बॅटरी बदलून देण्याच्या कामाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी गाडी घरीच ठेवून मी बोम्मसंद्र्याला गेले. रेव्हा तिथे बनायची. आर. व्ही. रोड स्टेशन ताईच्या घरापासून जवळ, आणि तिथून ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेली मेट्रोची पिवळी मार्गिका थेट बोम्मसंद्र्याला जाते. चालकाशिवाय धावू शकेल अशी गाडी, खाली होसूर रोडची वाहने, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या काचा. शेवटच्या स्टेशनवर उतरून औद्योगिक वसाहतीतल्या धुळीच्या रस्त्यांवर चालत फिरले. पाहण्यासारखे स्मारक असे काही नाही. पण मला ती जागा पायाखाली घ्यायची होती. तेव्हापासून आजवर बॅटरी पार बदलली, शिसे गेले, लिथियम आले, 80 किलोमीटरचे तीनशे झाले. भिंतीतला पंधरा अँपिअरचा पॉइंट तोच राहिला. चर्चा मात्र सगळी बॅटरीची होते.

भाचा बेळ्ळंदूरला राहतो, नवव्या मजल्यावर. त्याच्याकडे गाडी आमच्यापेक्षा मोठी आहे आणि पॉइंट मिळवण्यासाठी त्याला असोसिएशनच्या बैठकांमध्ये वर्षभर भांडावे लागले. मी सगळे विचारून घेतले, कारण मराठी मुलुखातल्या प्रत्येक सोसायटीत आज ना उद्या हेच होणार आहे. कायदा तसा बाजूने आहे. चार्जिंग स्टेशन चालवायला वीजवितरणाचा परवाना लागत नाही हे केंद्राने 2018 मध्येच स्पष्ट केले. घराच्या असलेल्या जोडणीवरून मालकाला आपली गाडी चार्ज करता येते हे 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेले आहे. इलेक्ट्रिक वाहनांचे धोरण करणारे कर्नाटक पहिले राज्य, ते 2017 मध्ये. पण तळघरातला खांब कुणाचा, केबल कुणाच्या डोक्यावरून जाणार, हे बैठकीतच ठरते.

तिथे पहिला आक्षेप आगीचा होता. दुसरा भाराचा, आणि तो खरा होता. दोनशे फ्लॅटनी प्रत्येकी 7.2 किलोवॅटचा चार्जर बसवला आणि सगळे रात्री नऊला एकदम लावले, तर चौदाशे किलोवॅटच्या वर मागणी जाते. इमारतीचा ट्रान्सफॉर्मर ते सोसणार नाही. भाच्याने तक्ता करून दाखवले की कुणालाच रोज पूर्ण बॅटरी भरायची नसते. चाळीस किलोमीटरला पाच-सहा युनिट, म्हणजे छोट्या पॉइंटवर दोन तास. शेवटी ठरले ते असे: मोठे चार्जर फक्त दोन, सामाईक, वेळ लावून वापरायचे. बाकी ज्याने मागितला त्याला साधा पॉइंट, ज्याच्या त्याच्या मीटरवरून, केबल ठरलेल्या ट्रेमधून, खर्च ज्याचा त्याचा. जनरेटरच्या लाइनवर एकही पॉइंट नाही. वीज गेली की चार्जिंग थांबते, आली की आपोआप सुरू होते.

आणि सगळे पॉइंट छातीच्या उंचीवर. यामागे 2022 चा सप्टेंबर आहे. त्या पावसात बेळ्ळंदूर, यमलूर, सर्जापूर रोड हा सगळा भाग पाण्याखाली गेला, लोक ट्रॅक्टरमधून कामाला गेले, तळघरांत गाड्या बुडाल्या. गाडीची बॅटरी सहसा आयपी 67 दर्जाची असते, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी झालेली. तुडुंब भरलेल्या तळघरात दोन दिवस राहण्याची ती हमी नाही. भाच्याच्या इमारतीत आता जोराच्या पावसाचा इशारा आला की सुरक्षारक्षक चार्जिंगच्या गाड्या आधी वर काढायला सांगतात. “मावशी, हे नियम पाण्याने लिहून घेतलेत आमच्याकडून,” भाचा म्हणाला.

ताईकडे राहताना आणखी एक हिशेब कळला. कर्नाटकात गृहज्योती योजना आहे, 2023 पासून. घराच्या जुन्या सरासरी वापरावर दहा टक्के वाढ धरून तेवढी वीज फुकट, कमाल मर्यादा 200 युनिट, आणि 200 ओलांडले की सगळ्या युनिटचे बिल. ताईचे घर 130 च्या आत, बिल शून्य. आमची गाडी एकदा रिकामी होऊन भरली की पंचेचाळीसच्या वर युनिट जातात. दोन-तीनदा भरली की दोनशेची रेघ ओलांडणार. मी बाहेर चार्ज करते म्हटल्यावर भाऊजी चिडले. “पाहुण्यांच्या गाडीला घरची वीज पुरत नाही म्हणून सांगू का गल्लीत?” मी त्यांची समजूत घातली. इथे कायम गाडी ठेवणाऱ्याला यावर उपाय आहे. वीज कंपनी बेसकॉमकडून चार्जिंगसाठी वेगळी जोडणी, वेगळे मीटर मिळते, त्याला वेगळा दर लागतो, आणि घराच्या सवलतीला धक्का लागत नाही.

मग मी बाहेर चार्ज करू लागले आणि शहर निराळे दिसायला लागले. घरच्या विजेचा दर युनिटला सहा रुपयांच्या आसपास. बाहेरच्या फास्ट चार्जरवर तो अठरा ते बावीसपर्यंत जातो, त्यात जीएसटी 18 टक्के. प्रत्येक कंपनीचे ॲप वेगळे, प्रत्येकात आधी पैसे भरून ठेवायचे. एका ठिकाणी नकाशावर चालू दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद निघाला, म्हणून मी निघण्याआधी फोन करायची सवय लावून घेतली. के. आर. सर्कलला बेसकॉमच्या मुख्य कार्यालयातही गेले. 2018 मध्ये इथल्या सार्वजनिक चार्जिंगची सुरुवात त्या आवारात झाली. त्या काळच्या डीसी चार्जरची गन भारत डीसी-001 प्रकारची, 15 किलोवॅटची, ई-व्हेरिटोसारख्या गाड्यांना बसणारी. 2020 नंतर आलेल्या बहुतेक गाड्यांना सीसीएस-2 गन लागते. नव्या गाडीवाल्याने नकाशावर फक्त ठिपका पाहून जाऊ नये, गनचा प्रकार पाहावा.

आउटर रिंग रोडवरच्या एका चार्जिंगच्या जागी रात्री अकराला माझ्यापुढे चार टॅक्सी होत्या. खाजगी गाडी माझी एकटीची. इलेक्ट्रिक टॅक्सीची हिरवी पाटी पिवळ्या अक्षरांची, माझी पांढऱ्या. पुढच्या गाडीचा चालक हासनकडचा, लग्गेरेत एका खोलीत कुटुंबासह राहणारा. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावतो. रोज पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर, सव्वीस-सत्तावीस युनिट. घरी पॉइंट असता तर दीडशे-पावणेदोनशेत काम झाले असते, इथे पाचशेच्या वर जातात, शिवाय रांगेतला तास-दीड तास. “मॅडम, गाडी लोन पे मिल जाती है, प्लग नहीं मिलता,” तो म्हणाला. त्याची मुलगी दहावीला आहे. तो घरी पोचतो तेव्हा ती झोपलेली असते.

मला त्याचे बोलणे अजून बोचते. भाच्याची गाडी दिवसाला तीस किलोमीटर फिरते आणि तिला सहा रुपयांची वीज मिळते. या माणसाची गाडी सहापट फिरते, हवेतला धूर सहापट वाचवते, आणि त्याला तिप्पट दर. फास्ट चार्जर कितीही वाढवले तरी हा हिशेब सुटणार नाही. त्याला हवा आहे गल्लीच्या तोंडाशी रात्रभर तीन किलोवॅट देणारा एक पॉइंट, बस.

हे जमण्यासारखे आहे. ज्या लंडनमध्ये रेव्हा धावली तिथे आज रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबांना सॉकेट बसवलेले आहेत. घराला पार्किंग नसलेले लोक खांबाशी गाडी लावून झोपायला जातात. आणि बंगळूरला रस्त्यावरच्या खांबांचे अप्रूप नाही. 1902 मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली, 1905 मध्ये तीच वीज या शहराच्या रस्त्यांवर दिवे होऊन लागली. खांबावरचे दिवे आता एलईडी झाल्याने भार घटला आहे. गाडीच्या भारासाठी जाड केबल आणि मीटर लागेल, खांबाची मालकी, विजेचे बिल आणि रस्त्याकडेची जागा यांवर वेगवेगळ्या खात्यांना एकत्र बसावे लागेल. शंभर गल्ल्यांत दहा-दहा खांब करून पाहायला काय हरकत आहे? जिथे टॅक्सीचालक राहतात त्या गल्ल्या आधी घ्याव्यात, कोरमंगल-इंदिरानगर नंतर.

निघण्याआधी भाऊजींनी बेसकॉमच्या वेगळ्या मीटरसाठी अर्ज भरला. त्यांच्याकडे अजून इलेक्ट्रिक गाडी नाही. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू मुलगा ॲप-टॅक्सी चालवतो, पुढच्या महिन्यात त्याची गाडी येणार आहे. फाटकाच्या आत एकच गाडी मावते, म्हणून त्यांची जुनी पेट्रोलची गाडी आता रस्त्यावर लागेल आणि आतली जागा त्याला मिळेल. भाड्यात विजेचे पैसे मीटरप्रमाणे वेगळे लिहायचे, हे ताईने ठरवून टाकले.